ए गटाची रांग

होउ डॉक्टर अंगणात आला तेव्हा लिंगझी पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सातवा महिना लागला होता, पोट मांडीला टेकत होतं, म्हणून तिनं टोपली हात लांब केला की पुरेल अशी बाजूला ठेवली होती. होउनं सायकल भिंतीला लावली, टोपी काढली, परत घातली.

सासू चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आज काय घ्यायला आलास?"

"काही नाही, मावशी. कागद द्यायला आलोय."

"तुझा कागद आला की आमचं काहीतरी जातंच."

होउ गावचाच डॉक्टर. दहा वर्षांपूर्वी वीटभट्टीजवळ रक्त विकत घेणाऱ्यांचं ठाणं पडलं होतं, तेव्हा हाच होउ पांढरा डगला घालून तिथं सुया टोचत असे. गावातल्या अर्ध्या घरांच्या विटा त्या रक्तावर आल्या. आणि मागच्या आठवड्यात तोच होउ शाळेच्या वर्गात टेबल टाकून, त्या काळी रक्त विकलेल्यांना तपासणीसाठी बोलावून पुन्हा दंडाला रबर बांधत होता. काही गेले, काही गेले नाहीत. गेलेलेही रांगेत पुटपुटत होते, की आता आणखी काय काढायचं राहिलंय यांचं.

"तुंगलिन कुठाय?" होउनं लिंगझीच्या नवऱ्याची चौकशी केली.

"गव्हाला पाणी देतोय," सासू म्हणाली. "काय असेल ते माझ्यासमोर बोल."

होउनं खिशातून दोन कागद काढले. एक वर धरला, एक खाली. "तुंगलिनचं रक्त साफ आहे." त्यानं खालचा कागद वर घेतला. "हिचं नाही."

लिंगझीचा हात थांबला नाही. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले, टरफल खाली टाकलं. गावात सगळे त्याला तापाचा रोग म्हणत. त्याचं खरं नाव एड्स, हे होउनं शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, पण ते नाव कुणी तोंडात घेत नसे. पाच घरांत त्यानं माणसं गेली होती.

"आणि माझी पोर?" तिनं विचारलं.

पोटातल्या बाळाबद्दल ती विचारत नव्हती, हे होउला कळलं. थोरली मुलगी साडेतीन वर्षांची होऊन गेली होती. तोंडात पांढरा थर, न थांबणारे जुलाब, शेवटी उचलून घेतलं की हातात नुसती हाडं लागायची. होउनंच तिला सलाईन लावली होती.

"पोटात असताना जातं. दुधातूनही जातं," होउ म्हणाला. "तेव्हा मलासुद्धा माहीत नव्हतं, लिंगझी."

"तुला सुई टोचायची तेवढी माहीत होती," सासू म्हणाली आणि चुलीत लाकूड इतकं जोरात सारलं की राख बाहेर आली.

*

तुंगलिन आठ दिवस धान्याच्या खोलीत झोपला. बायकोनं वाढलेलं खात होता, पण वाटी तिच्या हातातून घेत नव्हता. ती चौरंगावर ठेवून मागं सरली की मग उचलायचा. नवव्या दिवशी ती बांधावर त्याच्यासाठी गरम मांतोउ, वाफेवरचे पाव, आणि लोणचं घेऊन गेली, तेव्हा त्यानं विचारलंच.

"आपण एकाच ट्रॉलीतून गेलो. एकाच दिवशी. माझ्याही दंडात तीच सुई गेली. मग मला का नाही?"

"मला काय माहीत?"

"तू शहरात सूतगिरणीत होतीस त्या वर्षी. चार महिने."

"होते."

"तिथं कोण होतं?"

लिंगझीनं फडकं सोडलं आणि मांतोउ एकेक करून पाटाच्या पाण्यात टाकले. पाचही. ते फुगत, गोल फिरत शेजारच्या वाफ्यात गेले. "तिथं चारशे बायका होत्या," ती म्हणाली. "जा, विचारून ये एकेकीला."

त्याच दिवशी तुंगलिन होउकडे भांडायला निघाला. होउ त्याला वाटेतच, कालव्याच्या पुलावर भेटला. लिंगझी मागून धापा टाकत येत होती, म्हणून पुढचं बोलणं तिनंही ऐकलं.

"तुझा गट कोणता?" होउनं विचारलं.

"कसला गट?"

"रक्ताचा. तेव्हा बाटलीला पट्टी लावायचो ना? तुझी निळी होती. बी. हिची पिवळी. ए." होउ पुलाच्या कठड्याशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "त्यांना रक्तातलं पिवळं पाणी तेवढं हवं असायचं. लाल उरायचं ते परत तुमच्या अंगात सोडायचं, म्हणजे माणूस आठवड्यात पुन्हा उभा राहतो. पण ज्याचं त्यालाच, असं नव्हतं. ए गटाचं सगळं लाल एका डब्यात ओतायचं, बी गटाचं दुसऱ्या. मग त्यातलंच सगळ्यांना वाटायचं. ए च्या डब्यात एकाचा रोग आला, की त्या दिवशीच्या रांगेतल्या सगळ्यांच्या अंगात तो जाऊ शकतो. तुझ्या डब्यात त्या दिवशी कुणाचा नव्हता. एवढंच."

तुंगलिननं विचारलं, "डब्यात कोण ओतायचं?"

"मी."

तुंगलिनच्या खांद्यावर पाणी वळवायचं फावडं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं. होउ हलला नाही, डोळेही मिटले नाहीत. तुंगलिननं फावडं कालव्यात फेकून दिलं आणि मग स्वतःच पायजमा वर करून ते काढायला पाण्यात उतरला. गाळात हात घालून शोधताना तो रडत होता, पण पाठमोरा होता.

त्या दिवसापासून तो परत लिंगझीच्या खोलीत झोपायला आला. लिंगझीची झोप मात्र त्या दिवसापासूनच गेली. डोळे मिटले की ए गटाची ती रांग समोर उभी राहायची. ती चेहरे मोजायची. अकरा जण. त्यातले चौघे मेले होते. दोघं खोकत होते. आणि तिच्या पुढंच उभी असलेली एक बारीक पोरगी, हिरवा स्कार्फ बांधलेली. सुई बघून तिनं ओळख नसताना लिंगझीचा दंड घट्ट धरला होता. दोन वर्षांपूर्वी तीच पोरगी शेजारच्या घरात सून म्हणून आली. छाइफंग. दोघींनी एकमेकींना तेव्हाच ओळखलं, आणि ओळखलं नाही असं दाखवलं.

शाळेत रक्त तपासायला छाइफंग गेली नव्हती. "मी कुठं विकलंय?" असं ती पाण्याच्या पंपावर सगळ्यांना सांगत होती. तिचा मुलगा लाइशुन तीन महिन्यांचा होता आणि भिंतीपलीकडून त्याच्या दूध पिण्याचा मचमच आवाज येत असे.

सांगावं असं लिंगझीला दररोज वाटायचं. पण तिला सांगायचं म्हणजे आधी स्वतःचं सांगावं लागणार. गावात अजून कुणाला तिचा कागद माहीत नव्हता. ती भिंतीपाशी जायची, कपडे वाळत घालायची आणि परत यायची.

*

मे महिन्यात होउ एक गोळी घेऊन आला.

"कळा सुरू झाल्या की ही घ्यायची. बाळाला जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत तोंडात औषध घालायचं, ते दवाखान्यात देतील. आणि अंगावर पाजायचं नाही. एकदाही नाही. पावडरचा डबा फुकट मिळेल."

"तू खा आधी," सासू म्हणाली.

"मावशी, एकच आहे. मी खाल्ली तर हिला काय देऊ?"

"एकच कशी? औषध कधी एका गोळीचं असतं का? सर्दीलासुद्धा तू तीन दिवसांचं बांधून देतोस."

"हे तसंच आहे. एकच लागते."

"आणि फुकट?"

"फुकट."

"म्हणजे नक्कीच काहीतरी आहे," सासू सुनेला म्हणाली. "हा माणूस फुकट द्यायला लागला तर समज."

लिंगझीनं गोळी कागदासकट घेतली आणि आतल्या कुडत्याच्या शिवणीत टाचून ठेवली. तिचाही होउवर विश्वास नव्हता. पण जिला काही मिळालं नाही तिचं काय झालं, ते तिनं मांडीवर घेऊन बघितलं होतं.

कळा ज्या दिवशी सुरू झाल्या त्या दिवशी पंचांगात श्याओमान होता, गव्हाचा दाणा भरत येण्याचा दिवस. तीनचाकीत आडवं पडून जाताना तिनं दातांनी टाका तोडला आणि गोळी कोरडीच गिळली. दवाखान्यात तिला व्हरांड्याच्या टोकाची खाट दिली. नर्सनं हातमोज्यांवर हातमोजे चढवले. तिच्या खालची चादर एका माणसानं काठीनं उचलून नेली. मुलगी झाली. तिच्या तोंडात औषधाचे थेंब घातले तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं आणि मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. तिचं नाव श्याओमानच ठेवलं.

*

बाळंतिणीनं महिनाभर उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. लिंगझी डोक्याला फडकं गुंडाळून खाटेवर होती. सासू राळ्याची पेज, लाल साखरेच्या पाण्यातली अंडी आणून देत होती. छातीत दूध भरून दगड झाला होता. तिनं जुन्या चादरीची पट्टी काढून छाती करकचून बांधली. तरी बाळ रडलं की पट्टी ओली व्हायची.

त्याच दिवसांत बातमी आली. शेजारच्या प्रांतात खोटी दूधपावडर पाजून लेकरांची डोकी भोपळ्यासारखी फुगली, हातपाय काटक्या झाले. टीव्हीवर दाखवलं. गहू कापायला आलेल्या हार्वेस्टरवाल्यांनीही सांगितलं. सासूनं फुकटचा डबा उचलून उजेडात धरला, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"पिठी आहे ही."

"आई, दवाखान्यातून आलंय ते."

"तिथूनच तर सगळं आलंय."

बाटली सासूच भरून आणायची, तरी आठवडाभर बाळ रडत होतं. मग एकाएकी रडायचं कमी झालं. सासू दुपारी त्याला "जरा ऊन दाखवते" म्हणून बाहेर न्यायची, आणि येताना ते गाढ झोपलेलं असायचं, ओठाला पांढरं. लिंगझीनं सुरुवातीला बरं वाटून घेतलं. मग एकदा बाळानं तिच्या खांद्यावर ढेकर दिली. तो वास पावडरचा नव्हता. थोरलीला अंगावर पाजायची तेव्हाचा वास होता तो.

सासू पंपावर गेली तेव्हा लिंगझीनं डबा उघडला. चमच्याच्या पाठीनं पावडर सपाट केली आणि वर बोटाच्या नखानं एक फुली काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं. फुली तशीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव शेतात असताना सासू बाळाला घेऊन बाहेर पडली. लिंगझीनं डोक्याचं फडकं घट्ट केलं आणि मागोमाग गेली. पंधरा-सोळा दिवसांनी उन्हात आल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली. सासू लांब कुठं गेलीच नाही. शेजारच्या दारात वळली.

छाइफंग पॉप्लरच्या सावलीत खुर्चीवर बसली होती. लाइशुन चटईवर पालथा पडून मुठीत माती धरत होता. आणि श्याओमान तिच्या छातीला होती, डोळे मिटून, एक हात वर टाकून. सासू शेजारी बसून पंख्यानं वारा घालत होती.

"अगं बाई! बाळंतीण बाहेर आली!" सासू उठली. "वारा लागेल, मरशील!"

लिंगझीनं जवळ जाऊन बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात करंगळी घातली आणि तोंड सोडवलं. बाळ किंचाळलं.

"किती दिवस?"

"आज नववा," सासू म्हणाली. "ओरडू नकोस. तुझ्या दुधात रोग, डब्यात पिठी. मग मी पोरीला काय वाळू चारू? हिचं वाहून चाललंय, हिनं कधी रक्त विकलं नाही. मी दोनदा विचारून घेतलं."

"नाहीच विकलं मी," छाइफंग म्हणाली आणि कुडत्याची बटणं लावू लागली. वरचं बटण खालच्या काजात गेलं.

लिंगझीनं बाळ सासूच्या हातात दिलं. "आई, हिला घेऊन घरी जा. पाणी उकळा. डबा उघडा."

"का? हिचं काय—"

"जा म्हणते ना."

सूनबाईचा असा आवाज सासूनं कधी ऐकला नव्हता. ती गेली, पण दारापाशी थांबून दोघींकडे संशयानं एकदा बघून गेली.

"माझ्याकडे असं बघू नकोस," छाइफंग म्हणाली.

"हिरवा स्कार्फ होता तुझ्या डोक्याला."

"कुणाच्या?"

"वीटभट्टीपाशी. माझ्या पुढं होतीस. माझा दंड धरलास, नखं उमटली होती."

"ती मी नव्हते."

"नाव दुसरंच सांगितलंस. अठरा पूर्ण नव्हती म्हणून."

"ती मी नव्हते म्हणते ना! तुला रोग झाला म्हणून आता सगळ्यांना चिकटवायला निघालीस काय? तुझ्या पोरीला नऊ दिवस पाजलं मी, फुकट, माझ्या लेकराच्या तोंडचं काढून, आणि तू मला असं बोलतेस?"

"तपासून ये. मी येते बरोबर."

"आणि निघालं तर?" छाइफंग ओरडली. "माणूस दक्षिणेला बांधकामावर, वर्षातून एकदा येतो. त्याला काय सांगू? निघालं तर मी..."

काय बोलून बसली ते तिचं तिलाच कळलं. चटईवर लाइशुन तोंडात माती घालत होता. लिंगझी खाली वाकून त्याच्या तोंडातली माती काढू लागली.

"माझ्या पोराला हात लावू नकोस," छाइफंग म्हणाली.

*

दुसऱ्या दिवसापासून गावाला लिंगझीचा कागद माहीत झाला. कुणी फोडला ते विचारायची गरज नव्हती. तुंगलिनचा गहू अजून खळ्यावर होता. एरवी खळ्यावर सगळे सगळ्यांची लाकडी फावडी वापरतात, उफणताना एकमेकांना हात देतात. आता तुंगलिन आला की ज्याचं त्यानं आपलं फावडं उचलून मांडीखाली घेतलं. त्यानं वापरलेल्या पंजाचा दांडा एकीनं त्याच्यासमोरच राखेनं घासला आणि वर पाणी ओतलं. पंपावर सासूची बादली पुढं सरकली की बाकीच्या बादल्या मागं सरकायच्या.

"चला, आज रांग लावायला नको," सासू मोठ्यानं म्हणायची आणि आरामात दोन्ही बादल्या भरून घ्यायची. पण घरी आल्यावर त्या खाली ठेवून ती दार आतून लावून घ्यायची.

तिला अजून कळलं नव्हतं की सून एवढी का चिडली. लिंगझीनं सांगितलं नाही. सासू विचारायची, ती म्हणायची, "परक्याचं दूध नको," आणि डब्यातला चमचा सपाट करून बाटलीत टाकायची. बाळाच्या अंगावरून दिवसातून दहादा हात फिरवायची. ताप, गाठ, तोंडात पांढरं. डोक्याला दोरी लावून मापायची, फुगतंय का म्हणून. डब्यावरही तिचा विश्वास नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी छाइफंग दारात उभी होती. लाइशुन पाठीला बांधलेला. डोळे सुजलेले.

"चार दिवस पाजलं नाही त्याला," ती म्हणाली. "पेजेचं पाणी देते. पितो आणि ओकतो. होउकडं मी जाणार नाही. दुसरीकडं कुठं जायचं?"

लिंगझीनं फडकं बांधलं. सासू म्हणाली, "महिना भरला नाही तुझा." लिंगझी म्हणाली, "आल्यावर भरते."

दोघी जिल्ह्याच्या गावी गेल्या. छाइफंगनं पुन्हा दुसरंच नाव सांगितलं. सुई टोचताना तिनं लिंगझीचा दंड धरला नाही; स्वतःचाच गुडघा धरून बसली. सात दिवसांनी दोघी कागद आणायला गेल्या. कागद तोच होता, जो लिंगझीला आला होता. मुलाचं, तो दीड वर्षाचा झाल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. तोवर आईचंच रक्त त्याच्या अंगात बोलतं.

परतताना तीनचाकीत मागं दोघीच होत्या, लाइशुन छाइफंगच्या मांडीवर. कापलेल्या गव्हाच्या रानात लोक धसकटं पेटवत होते, धूर रस्त्यावर येत होता.

"तू मला लग्नाच्या दिवशीच ओळखलंस," छाइफंग म्हणाली.

"हो."

"तुझा कागद आला तेव्हा लाइशुन तीन महिन्यांचा होता."

"हो."

"तीन महिने तू भिंतीपलीकडून ऐकत होतीस. मी त्याला पाजत होते आणि तू कपडे वाळत घालत होतीस."

धुरानं लिंगझीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती म्हणाली, "तुला सांगितलं तर माझं नाव फुटेल, ही भीती होती."

"फुटलंच ना."

"फुटलं."

छाइफंगनं गाडी थांबवायला सांगितली. गाव अजून दोन मैल होतं. ती मुलाला घेऊन उतरली आणि मागं न बघता रस्त्याच्या कडेनं चालू लागली.

*

दीड वर्ष दोघी बोलल्या नाहीत. पुढच्या गव्हाच्या हंगामात लाइशुनचा कागद आला. त्याला होता. छाइफंगचा नवरा दक्षिणेहून आला, चार दिवस राहिला, एकदा छप्पर शाकारलं आणि गेला. शरदात मुलांसाठी औषध आलं. तीन बाटल्या, तीन रस, रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मिनिटभर मागंपुढं नाही. होउ पहिल्या दिवशी स्वतः घड्याळ घेऊन आला तेव्हा छाइफंगनं दार उघडलं नाही. बाटल्या त्यानं उंबऱ्यावर ठेवल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता लाइशुनचं ओरडणं भिंतीवरून यायला लागलं. औषध कडू होतं. आधी ओरडणं, मग गुदमरल्यासारखा आवाज, मग शांत. लिंगझीलाही एव्हाना रोजच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, त्या ती त्याच वेळी घ्यायची. तिला घड्याळ लागत नसे.

नोव्हेंबरात, गव्हाचे अंकुर बोटभर वर आले असताना, श्याओमानचा कागद आला. साफ.

होउनं तो दोनदा वाचून दाखवला. लिंगझीनं स्वतः वाचला. तुंगलिननं उन्हात धरून शिक्का बघितला. सासू मात्र गल्लीत पळाली आणि प्रत्येक दारात सांगू लागली, "साफ! आमची पोर साफ! डोकंसुद्धा लहान आहे बघा!" पंपाशी कुणीतरी टोमणा मारला, "नऊ दिवस छाइफंगचं पिऊन पण?" छाइफंगचा कागद एव्हाना गावाला ठाऊक झाला होता. फक्त सासूला कुणी सांगितलं नव्हतं; लाइशुनचं ओरडणं तिनं जंताच्या औषधाचं धरलं होतं. तिनं हातातली बादली तिथंच ठेवली. घरी येऊन ती श्याओमानला मांडीवर घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. सुनेला एकच म्हणाली, "तू मला त्या दिवशी मारायला हवं होतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले. भिंतीपलीकडून आवाज आला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लिंगझीला आधी वाटलं, पोर सरावला असेल. मग संशय आला. तिसऱ्या दिवशी सातला तिनं डुकराचं रिकामं भांडं भिंतीला पालथं घातलं, त्यावर उभी राहिली आणि डोकावली. लाइशुन अंगणात कोंबड्यांमागं पळत होता. तीन बाटल्या खिडकीत होत्या, त्यांच्यावर कोंबडीचं पीस चिकटलं होतं. छाइफंग पायरीवर बसून मुळे सोलत होती.

"सात वाजले," लिंगझी म्हणाली.

छाइफंगनं वर पाहिलं. "तुझी पोर माझंच दूध प्यायली."

"हो."

"ती साफ. माझा पोर रोगी. एकाच छातीचं दूध. मग एक कागद खोटा आहे."

"दोन्ही खरे आहेत. सगळ्यांनाच लागतं असं नाही. तिला आधी औषध दिलं होतं, शिवाय नऊच दिवस—"

"होउनं सांगितलं?"

"होउनं."

"मग झालं. ज्यानं डब्यात ओतलं त्यानंच सांगितलं." तिनं मुळा आणि सुरी दोन्ही खाली ठेवली. "हे पाजलं की तो ओकतो. दिवसभर माझ्याजवळ येत नाही. कशासाठी पाजू? माझ्या पोराचा कागद खोटा असेल तर?"

"मग माझ्या पोरीचाही खोटा असेल," लिंगझी म्हणाली. "त्याच माणसानं आणलाय."

लिंगझी भिंतीवर चढली. विटांची वरची ओळ मोकळी होती, एक वीट पलीकडं पडली आणि कोंबड्या उधळल्या. ती पलीकडं उतरली तेव्हा पायजमा गुडघ्यावर फाटला होता.

"माझी थोरली गेली तेव्हा नऊ किलोची होती," ती म्हणाली. "साडेतीन वर्षांची. शेवटी पाणीसुद्धा गिळत नव्हती. तिला पाजायला माझ्याकडं कडू, गोड काहीच नव्हतं. मी होउवर विश्वास ठेवत नाही, छाइफंग. रोज गोळी गिळताना मला तोच डबा दिसतो. तरी गिळते."

छाइफंग उठली नाही. लाइशुन लिंगझीच्या फाटलेल्या गुडघ्याकडं बघत उभा होता. लिंगझीनं त्याला उचललं. तो चांगलाच जड होता, पाय झाडत होता. ती पायरीवर बसली, त्याचे दोन्ही पाय आपल्या मांड्यांत धरले, हात आपल्या काखेत दाबले, आणि वाट बघत राहिली.

बऱ्याच वेळानं छाइफंगनं हात पुसले. खिडकीतून बाटल्या आणल्या, पीस काढून टाकलं. पहिला रस मोजून पिचकारीत घेतला. मुलानं दात आवळले. छाइफंगनं त्याच्या गालाच्या आतून पिचकारी सरकवली, रस सोडला आणि नाक चिमटीत धरलं. तो गुदमरला, रस गिळून ओरडला. दुसरा. तिसरा अर्धा लिंगझीच्या मानेवर थुंकला गेला. छाइफंगनं अर्धा पुन्हा मोजून घेतला. मग दोघी त्याला तसाच धरून बसल्या, ओकतो का ते बघत. तो रडत होता, मग उचक्या देत होता, मग लिंगझीच्या कुडत्याचं बटण पिरगाळू लागला.

ओकला नाही.

लिंगझी त्याला खाली ठेवून उठली. भिंतीकडं वळली तेव्हा छाइफंगनं पडलेली वीट उचलली आणि हातात घेऊन उभी राहिली. लिंगझी भिंत चढून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना लिंगझी पालथ्या भांड्यापाशी गेली. भिंतीवर वीट परत बसवलेली होती, आणि तिच्यावर ओला चुना होता. ती तिथं क्षणभर उभी राहिली. मग तिला पलीकडून लोखंडी दाराच्या कडीचा आवाज आला. ती गल्लीतून फिरून गेली. दार उघडं होतं, आणि छाइफंग पायरीवर मुलाला मांडीत घेऊन, पिचकारी भरून बसली होती.

"पाय धर," ती म्हणाली.